बूट दिसला की थांबणारं भूत

आज दुपारी १९९३ चा ‘लेप्रेकॉन’ परत पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात फक्त बूटच आहेत.

आयरिश लोककथेतला हा वीतभर बुटका. त्याचं सोनं कुणी चोरलं की तो हात धुऊन मागे लागतो. सिनेमात तो थेट अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या एका फार्महाऊसवर पोचतो, शंभर नाण्यांसाठी. बजेट तुटपुंजं, खून अचाट (एक तर चक्क पोगो स्टिकने, म्हणजे उड्या मारायच्या स्प्रिंगच्या काठीने!), लेप्रेकॉनचे संवाद अधूनमधून यमकात. जेनिफर अ‍ॅनिस्टनचा हा पडद्यावरचा पहिला मोठा रोल. पण सिनेमा आहे तो लेप्रेकॉन झालेल्या वॉर्विक डेव्हिसचा. चेहऱ्यावर रबराचा एवढा थर असूनही त्याचे डोळे सतत काहीतरी बोलत असतात.

आणि तो सीन! जीव मुठीत धरून पळणारी माणसं त्याच्याकडे मळके बूट भिरकावतात. हा मारायला निघालेला राक्षस थबकतो, चरफडतो, आणि बसून बूट घासायला लागतो. घासल्याशिवाय त्याला राहवतच नाही. मला हसू आवरेना, पण जीवही तुटला. कारण हे उगीच घातलेलं नाही. लोककथेतला लेप्रेकॉन मुळात चांभारच, एकटा बसून बूट शिवणारा. लेखक-दिग्दर्शक मार्क जोन्सने नेमका तोच धागा उचलला. (जुन्या वर्णनांत त्याचा कोट लाल असायचा, हिरवा नंतर आला.)

पुढच्या पाच भागांतही डेव्हिसच आहे. उद्या दुसरा लावतेय.