घुमटाची कडा आणि तीन पॉइंट

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी एक छोटी चित्रफीत करताना दीक्षाभूमीच्या स्तूपामागून अक्षरे वर येताना दाखवायची होती, म्हणून आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये घुमटाभोवती मास्क, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग वेगळा करणारी बाह्यरेषा, काढायला बसलो. पहिल्या खेपेला पेन टूलने कडेकडेने 23 पॉइंट टाकले. अक्षरे सरकू लागताच पांढऱ्या कडेवर बारीक कोन उमटले. ज्या वास्तूसमोर लाखो लोक हात जोडतात, तिची रेषा अशी खडबडीत दिसावी हे मला सहन होईना.

सगळे पुसून तीनच पॉइंट ठेवले: डावे टोक, माथा आणि उजवे टोक. माथ्याची हँडल (पॉइंटपासून निघणाऱ्या, रेषेला वळण देणाऱ्या दांड्या) आडवी ओढली, टोकांची उभी, आणि टोकांची खालची हँडल मिटवून तळ सरळ रेषेने बंद केला. पाव वर्तुळासाठी हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे 55 टक्के लागते; माझ्या फ्रेममध्ये त्रिज्या 400 पिक्सेल होती, म्हणून हँडल 221 पिक्सेलचे झाले. अशा हँडलने वळणाऱ्या रेषेला बेझियर वक्ररेषा म्हणतात; तिने तंतोतंत वर्तुळ निघत नाही हे खरे, पण या मापाने राहणारा फरक साधारण दशांश पिक्सेल इतकाच असतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात ही वक्ररेषा मोटारीच्या पत्र्यासाठी वापरात आणली. पत्र्यावर जरासा मोड आला तरी त्यातले प्रतिबिंब तुटते, तेव्हा गुळगुळीतपणाचा हा आग्रह तिच्या जन्मापासूनचा आहे.

चित्रण खालून केलेले असल्यामुळे घुमट नेमका अर्धवर्तुळ दिसत नव्हता. अशा वेळी नवा पॉइंट टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि हँडलची लांबी कमीजास्त करून पाहावी, कारण पॉइंटच्या दोन्ही बाजूंची हँडल एका सरळ रेषेत असेपर्यंत, लांबी वेगळी असली तरी, तिथे कोन पडत नाही. खडबडीत कडा फेदर (कडेचा मऊपणा) वाढवून झाकण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण त्याने आकार सुधारत नाही, केवळ धूसर होतो. मी फेदर एका पिक्सेलवर ठेवला.

कॅमेरा संथपणे सरकत होता. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर कीफ्रेम, म्हणजे मास्कची जागा आणि आकार पक्का करणाऱ्या खुणा, दिल्या, मग मधल्या भागात मास्क जिथे सर्वांत जास्त सुटला होता तिथे तिसरी दिली. असेच करत 12 सेकंदांच्या शॉटला पाच कीफ्रेम पुरल्या.