दवाखान्यातून सुट्टी झाल्यानंतर

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याच्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, जोर ओसरून दवाखान्यातून सुट्टी झाली की घरच्यांना वाटतं, झालं, बरी झाली. माझ्या अंगाला तरी खरं काम तिथून पुढेच पडलं.

मी आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही. लग्नानंतर काटोलकडच्या गावी वर्षानुवर्षं चुलीपुढे बसले. चुलीच्या धुरानेही हा आजार होतो, हे बायकांना फारसं कोणी सांगत नाही, म्हणून आधी लिहिते.

नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीत सर्दी छातीत उतरली. कफ हिरवट झाला, श्वासाचा पंप (इनहेलर) घेऊनही धाप बसेना, बोलता बोलता थांबावं लागे. भरती केलं. नेब्युलायझर (मास्कमधून औषधाची वाफ), अँटिबायोटिक, 5 दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. ऑक्सिजन लावला, पण सिस्टर बोटाच्या मीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 88 ते 92 टक्क्यांमध्येच ठेवत. मुलगा कासावीस होऊन म्हणे, "वाढवा न जी थोडा!" डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं: या आजारात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

नागपूरच्या महाल भागातल्या घरी आले तेव्हा छाती बरीच मोकळी होती, पण पायांत जीव नव्हता. न्हाणीघरापर्यंत गेलं तरी मांड्या थरथरत. फिजिओथेरपीच्या ताईंनी कारण सांगितलं. आजारात शरीरात आतून दाह असतो, माणूस अंथरुणाला खिळतो, स्टेरॉइडही स्नायूंवर परिणाम करतं, आणि सगळ्यात आधी मांड्या झिजतात. कमजोर पाय लवकर थकतात, मग थोड्याशा कामानेही धाप लागते. म्हणजे फुप्फुसाइतकंच पायांचंही औषध करायचं. सूनबाई म्हणायची, "आई, तुम्ही पडून राहा न." तिची माया मला कळत होती. पण खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हे मी रोज केलं. सुट्टीनंतर पहिल्या चार आठवड्यांतच असा व्यायाम सुरू करावा, असं ताईंनी बजावलं होतं.

श्वासाचंही तसंच. या आजारात हवा आत घेता येते, पण पुरती बाहेर पडत नाही. ती साचून छाती फुगलेली राहते, फुप्फुसांखालचा श्वासाचा स्नायूंचा पडदा सपाट होतो आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ, हळूहळू सोडायचा. जिना चढताना हेच माझं बळ. पोट गच्च भरलं तरी त्या पडद्यावर दाब येतो, म्हणून वरण, अंडी, दही थोडं थोडं, पण चारदा खाते.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. एक दिवस गांधीसागर तलावापर्यंत जाऊन येई, दुसऱ्या दिवशी अंगणातच बसावं लागे. 8 आठवड्यांनंतरही काही जणांचा दम पहिल्यासारखा होत नाही. माझाही थोडा कमीच राहिला आहे, पण देवपूजा, भाजी निवडणं, नातवाचा अभ्यास एवढं सगळं होतं.

फ्लूची लस आता दरवर्षी घेते, न्यूमोनियाचीही घेतली. कफ वाढला, त्याचा रंग बदलला किंवा पंप नेहमीपेक्षा जास्त लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, असं ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलंय.