तुळजापूरच्या घाटात मामांच्या हाती स्टिअरिंग

पुण्याहून सोलापूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर कसे संपले ते फारसं आठवत नाही. भिगवणला चहा घेतला, टेंभुर्णीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रखडवलं, एवढंच. संध्याकाळी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानापाशी अर्धा तास अडकलो. रात्री मामींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, त्या जेवणासाठी मी पुन्हा तेवढ्या गर्दीतून जाईन. पण लिहायला बसलोय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांची नोकरी, आणि त्यात तुळजापूरच्या फेऱ्या किती झाल्या याची मोजदाद नाही. रविवारी देवीला निघताना त्यांनी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. "दीड लिटरचं मशीन? एवढ्या लांब गाडीला पुरतं का बे?"

माझी गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ऑटोमॅटिक गिअरची, चाकणला तयार झालेली. इंजिन 1498 सीसीचं, ताकद 150 पीएस. मामांना मी टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा सांगितला, कारण घाटात तोच कामाला येतो: 250 न्यूटन मीटर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला 1600 फेऱ्यांनाच हाताशी येऊन 3500 पर्यंत टिकतो. इंजिनाला जोडलेल्या टर्बोचं काम त्यांना दोन पंख्यांवर समजावलं. एक पंखा एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "घाटात कळंल," म्हणाले.

तामलवाडीच्या पुढे एका ढाब्याच्या मोकळ्या आवारात मी किल्ली त्यांच्या हातात दिली. पहिली अडचण डाव्या पायाची. क्लच नाही हे डोक्याला कळलं होतं, पायाला नाही. आवारात दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा डावा पाय पुढे आला. मग त्यांनी तो सीटखाली ओढून घेतला आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत हलवला नाही.

घाट दिसू लागला तसा त्यांचा हात आपोआप गिअरवर गेला. चढ लागायच्या आधीच गिअर पाडायचा, चढावर मशीन दमल्यावर पाडून उपयोग नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आणि या गाडीलाही ती लागू पडते, हे मला त्या दिवशी पटलं. 'डी'मध्ये, म्हणजे रोजच्या ड्राइव्ह मोडमध्ये, गाडी पेट्रोल वाचवायला लवकर वरचा गिअर टाकते. मग अचानक पाय दाबला की आधी गिअर उतरतात, मागून टर्बो भरतो आणि तेव्हा कुठे ओढ लागते. तो श्वासभराचा उशीर मला ओव्हरटेक करताना नेहमी खटकतो. मी मामांना लिव्हर खाली ओढून 'एस', म्हणजे स्पोर्ट मोड, लावायला सांगितलं. इंजिनाचा सूर चढला. मामांनी मान हलवली. तो सूर त्यांना ओळखीचा होता.

पुढे लोखंडी सळ्या भरलेला ट्रक घाट चढत होता. मामांनी मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. पाठ सीटला टेकली. धक्का नाही, आरडाओरडा नाही, कुणीतरी मागून भक्कम हाताने सतत लोटावं तशी ओढ. ट्रक मागे पडला आणि काटा जेमतेम सत्तरवर होता. मला या गाडीत आवडतं ते हेच. वेग आवरता ठेवूनही ताकद शिल्लक आहे हे पायाला कळत राहतं, म्हणून घाई करावीशी वाटत नाही. वळणावर गाडी फारशी कलली नाही, नाक नेमकं मामा बघत होते तिकडे गेलं. शहरात पिसासारखं हलकं वाटणारं स्टिअरिंग इथे हाताला जरा जड लागत होतं.

"चढ हाय का न्हाई तेच कळंना बे," मामा म्हणाले. मग बराच वेळ गप्प. वरच्या वळणाजवळ त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "भरल्या गाडीला इथं दुसऱ्यावर यावं लागायचं. उन्हाळ्यात मशीन तापायचं. मागं पन्नास माणसं, बायका-पोरं. कान सगळा मशीनला."

दर्शनाची रांग मोठी होती, तरी बारापर्यंत बाहेर आलो. रांगेत आम्हाला ढकलून पुढे जाणाऱ्यांबद्दल मला अजून राग आहे, पण तो विषय वेगळा.

उतरतानाही मामाच चालवत होते. "ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं," म्हणाले. मी स्टिअरिंगमागचा, हाताने गिअर पाडायचा डावा पॅडल दाखवला. त्यांनी बोटाने तो दोनदा ओढला, गिअर पडले आणि ब्रेकला पाय न लावता गाडी आवरली. तीस वर्षं प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबलेल्या, डबल क्लच मारलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं, ते बघायला मामी सोबत हव्या होत्या.

सोलापूर जवळ आलं. हैदराबादकडचा फाटा दिसला आणि मामांनी डावा इंडिकेटर दिला.

"मामा, घर सरळ आहे. मामी जेवायला थांबल्यात."

"फोन लाव तिला. नळदुर्गला जाऊन येऊ."