सीनाकाठी ४६ माणसांचा मुक्काम

हुरडा खायला आणि शेतात तंबूत एक रात्र राहायला कोण कोण येणार, असं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तेव्हा ७१ जणांनी अंगठे दाखवले. पैसे भरले ५२ जणांनी. शनिवारी दुपारी गेटसमोर उभी होती ४६ माणसं, त्यात १७ पोरं आणि सत्तरी ओलांडलेले सहा जण. म्हणून पहिला सल्ला हा की अंगठे मोजू नका, पैसे मोजा. आणि सामान घ्यायचं ते पैसे भरलेल्यांपेक्षा चार माणसं कमी धरून. हुरडा कमी पडला तर दोन पेंढ्या जास्त कापता येतात, पण उरलेला भात परत सोलापूरला आणायचा म्हणजे वैताग असतो.

तारीख ठरवतानाच आम्ही एकदा आपटलो. आधी संक्रांतीला जोडून जायचं चाललं होतं. त्या आठवड्यात सोलापुरात गड्डा भरतो. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे, घराघरात पाहुणे. मंडपवाला, आचारी, गाडीवाला, सगळे तिकडेच. गाद्या विचारल्या तर मंडपवाला हसलाच. जानेवारीचा तिसरा शनिवार धरला आणि सगळं मिळालं, तेही कमी दरात. हुरडाही तोवर चांगला भरतो.

जागा म्हणजे मित्राच्या मामांचं शेत, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलच्या अलीकडे. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, विजापूर रस्त्याने मंद्रूपकडून. अंतर कमी आहे म्हणून उशिरा निघू नका. उसाचा हंगाम असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीबाहेर लटकलेला ऊस काचेला लागेपर्यंत दिसत नाही. सव्वासहाला सूर्य मावळतो. आम्ही अडीचला निघून चारला पोचलो, तरी तंबू उभे होईपर्यंत अंधार पडलाच.

तंबू भाड्याने आणले होते, बारा. 'चार माणसांचा' असं लिहिलेल्या तंबूत पिशव्यांसकट तीनच माणसं मावतात, पोरं असली तर चार. आदल्या रविवारी पार्किंगमध्ये सगळे उघडून पाहिले हे बरं झालं. तीन तंबूंच्या काड्या नव्हत्या आणि एकाची चेन दातातून निघाली होती. भाड्याने देणाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिले. हेच शेतात कळलं असतं तर बारा जण उघड्यावर झोपले असते.

अंथरुणाचं मात्र मामांनी सांगितलं ते ऐका. इकडे जानेवारीत रात्री वरून वारा लागत नाही इतकी खालून जमीन गार लागते. ताडपत्रीवर कडब्याच्या पेंढ्या सोडून पसरायच्या, वर सतरंजी, मग चादर. वीतभर कडब्यावरची माणसं सुरुवातीला गाढ झोपली. नुसत्या सतरंजीवर झोपलेले आमचे अण्णा पहाटे चारला उठून चूल पेटवत बसले होते. एवढंच की कडबा आणि आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा निखाऱ्याचा खड्डा, यांच्यात भरपूर अंतर ठेवा, आणि कडबा अंथरलेल्या तंबूत उदबत्ती, मच्छर कॉइल काहीही नको.

आता संडासाचं. यावर कुणी बोलत नाही आणि सगळ्या सहलीचा मूड त्यावरच असतो. वस्तीवर, म्हणजे मामांच्या शेतातल्या घरी, एक संडास होता. एका माणसाला सहा मिनिटं धरली तर ४६ माणसांना साडेचार तास. सकाळी सातला उठलेला शेवटचा माणूस साडेअकराला मोकळा होणार! म्हणून विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला दोन चर खणले, चार बांबूंना ताडपत्री गुंडाळून आडोसा केला, शेजारी राखेचं पोतं आणि डबा. प्रत्येकाने झाल्यावर राख टाकायची, निघताना माती ओढून बुजवायचं. एक गोष्ट बायकांनी सांगितली म्हणून कळली. आमची ताडपत्री पांढरी होती आणि कंदील आत टांगला होता, त्यामुळे आत गेलेल्या बाईची सावली बाहेर पडद्यावर दिसायची. कंदील बाहेरच्या खांबाला टांगला आणि ओरडा थांबला. तुम्ही काळी किंवा गडद निळी ताडपत्रीच न्या.

प्यायचं पाणी माणशी चार लिटर धरलं. १८४ लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. आम्ही बारा नेले, दीड उरला. भांडी, हात-पाय यासाठी शेतातलं पाणी होतं, पण ते मोटर चालू असली तरच. या मोटरनेच नंतर आमची रात्र खाल्ली.

संध्याकाळी हुरडा. खड्ड्यात शेण्या पेटवून त्यांचा निखारा झाला की कणसं त्यात खोचायची, आणि टचटच आवाज थांबला की काढून गरम असतानाच चोळायची. चोळणाऱ्याचे तळहात लाल होतात. मामांच्या घरातल्या आजी मात्र बोलत बोलत चोळत होत्या, फुंकर मारून कोंडा उडवत होत्या आणि आमच्या पोरांच्या ओंजळीत हिरवेगार दाणे टाकत होत्या. शेंगाची चटणी, दही, गूळ, आणि शेवटी ताक. हुरड्यावर ताक हवंच, नाहीतर रात्री पोट फुगतं. माणशी पाच कणसं धरा. आणि आगटी एक नको, दोन करा. एका आगटीभोवती ४६ माणसं बसली की मागची रांग नुसता धूर खाते. रात्रीच्या जेवणाला आमटी आणि सोलापुरातून नेलेल्या कडक भाकरी. इतक्या माणसांना तिथे भाकरी थापायला कुणाला बसवू नका, ती बाई कॅम्पला आली असं होतच नाही.

रात्री दोनला आमच्या तंबूत माझ्या पाठीखाली गार लागलं. मला वाटलं पोराने बाटली सांडली. हात लावला तर कडबा तरंगत होता. तेवढ्यात वस्तीवरचा गडी ओरडत पळत आला, "नीरु बंतु! नीरु बंतु!" घरात कन्नड बोलतात तिकडे. पाणी आलं, हे कळायला भाषांतर लागलं नाही.

झालं असं. आम्ही सगळ्यात सपाट जागा निवडली होती, कांदा काढलेलं रान. ते सपाट होतं कारण ते पाणी देण्यासाठीच सपाट केलेलं होतं. त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीची होती. लाईट आली, ऑटो स्टार्टरने मोटर आपोआप चालू केली, शेजारच्या गव्हाला पाणी निघालं, मधे पाट फुटला आणि पाणी खालच्या रानात, म्हणजे आमच्या अंगाखाली. चार तंबू भिजले, नऊ चादरी, एक मोबाईल. चिखलातून पोरं उचलून काढताना प्रत्येकाच्या चपलेला दोन-दोन किलो काळी माती. मोटर बंद केली, पोरांना वस्तीच्या पडवीत म्हाताऱ्या माणसांशेजारी आडवं केलं, आणि कोरडे तंबू बाजूच्या मुरमाड माळावर नेले.

सकाळी मामांना म्हटलं, "आधी सांगायचं नाही का ओ?"

"तुम्ही विचारलंच नाही की ओ. मला वाटलं, झोपायला वस्तीवर येताव."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही नेटवर्क येतं का, गाडी आत जाते का, गाणी लावली तर चालतात का, सगळं विचारलं होतं. शेतात मुक्काम करणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा: या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची, आणि पाणी कुठल्या रानाला चाललंय? ऑटो स्टार्टर रात्रीपुरता बंद ठेवायला सांगा. आणि तंबू काळ्या रानात नकोच. कोरडी असली तर भेगाळलेल्या मातीत खुंटी धरत नाही, ओली असली तर काय होतं ते वर लिहिलंय. मुरमावर खुंटी ठोकायला घाम निघतो, पण एकदा बसली की हलत नाही.

नाश्त्याला सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे. झोप न झालेल्या ४६ माणसांसाठी याहून सोपं काही नाही. चुरमुरे भिजवायचे, लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वर दाण्याचं कूट. तीन किलो चुरमुरे पुरले, गॅस पंचवीस मिनिटं जळला. फक्त चुरमुरे एकदम सगळे भिजवू नका, लगदा होतो. आमचा पहिला घाणा मामांच्या म्हशीला गेला.

दहाला कुडल संगमावर गेलो. सीना इथे भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. 'वाछितो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. रात्रभर जागलेल्या एका काकांनी तो दोनदा वाचून घेतला. जवळच शेकडो छोटी मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, पोरं ती मोजायला बसली आणि साठाच्या आसपास भांडण झालं. पोरांना इथे नदीत उतरू देऊ नका. पाणी शांत दिसतं, पण वाळू उपशाचे खड्डे वरून कळत नाहीत. आम्ही चार बाप्यांना नुसतं काठावर उभं राहण्याचं काम दिलं होतं. नावं आधीच ठरवली होती, कारण 'सगळे लक्ष ठेवू' म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

परतताना बांधावर वाळत घातलेल्या नऊ चादरी गोळा केल्या. सोलापूरची माणसं, सगळ्यांच्या घरात सोलापुरी चादरी, रंगही तेच दोन-तीन. कुठली कुणाची, कुणालाच ओळखू येईना. पुढचे दोन आठवडे सोसायटीत जिन्यावरून चादरी वर-खाली होत होत्या. तुम्ही निघण्याआधी कोपऱ्यात मार्करने फ्लॅट नंबर लिहा. आमच्या कपाटात अजून एक मरून चादर पडून आहे, आणि आमची निळी कुठे गेली ते कळलेलं नाही.