ब्लॉक ६३ तासांचा, सीएल अडकली पावसाळाभर

ठाण्याचा फलाट रुंद करायला रेल्वेला ६३ तास लागले. त्यापायी कापली गेलेली माझी एक सीएल (कॅज्युअल लीव्ह, म्हणजे किरकोळ रजा) परत मिळवायला मला अख्खा पावसाळा लागला. अजूनही कुणी एचआर पोर्टलचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडते. पण लेट मार्क लागून रजा कापली गेलेल्या बायका आमच्या लोकलच्या डब्यात दर ब्लॉकनंतर, म्हणजे रेल्वेने कामासाठी ठरवून गाड्या बंद ठेवल्या की, दोन-चार तरी भेटतातच आणि प्रत्येकीला तेच तेच सांगून मी दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ब्लॉक २०२४ चा, मे अखेरचा. मी डोंबिवलीहून फोर्टला जाते, म्हणजे गाठायचं सीएसएमटी. ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट ज्यांनी संध्याकाळी सातला पाहिलाय त्यांना तो रुंद करायची गरज कुणी समजावून सांगायला नको. पाचवर डाऊन (कल्याणकडे जाणारी) फास्ट, सहावर अप (सीएसएमटीकडे जाणारी) फास्ट, मध्ये तेवढीशी जागा, त्यातच जिन्याचं तोंड. तिकडे उतरलेली माणसं जिन्याकडे आणि जिन्यावरची माणसं गाडीकडे, दोघांचा रस्ता एकच. तो फलाट दोन-तीन मीटर वाढवायचा तर पाचच्या बाजूचा रूळच सरकवायला हवा, रुळाबरोबर वरची ओव्हरहेड वायर आणि तिचे खांबही. मग मोकळ्या झालेल्या जागेत आधीच ओतून तयार ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे क्रेनने ओळीने बसवायचे. पूर्वीच्या पद्धतीने भिंत बांधून, भराव घालून हेच काम महिनोन् महिने रखडलं असतं. तेव्हा कामाबद्दल माझी तक्रार नाही. झालं ते चांगलंच झालं, आता तिथे निदान पाऊल ठेवायला जागा मिळते.

गुरुवारी मध्यरात्री साडेबाराला ठाण्याचा ब्लॉक सुरू, रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत. त्यातच शुक्रवारच्या मध्यरात्रीपासून सीएसएमटीला ३६ तासांचा दुसरा ब्लॉक, कारण तिथले १० आणि ११ नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायचे होते. दोन्ही मिळून ९३० लोकल रद्द : शुक्रवारी १६१, शनिवारी ५३४, रविवारी २३५. हे आकडे मला पाठ आहेत. का, ते पुढे येईल.

ते तीन दिवस कसे गेले यात सांगण्यासारखं फार नाही. शुक्रवारी गाडी कळव्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. मे महिना, पंखे कसेबसे फिरतायत, डब्यात कुणाचा तरी मोबाईल वाजतोय आणि तिचा साहेब विचारतोय, ‘‘कुठपर्यंत आलात?’’ शनिवारी भायखळ्याच्या पुढे मेनलाइन बंद आणि वडाळ्याच्या पुढे हार्बर बंद. भायखळ्याला उतरून बेस्टच्या जादा बसची रांग बघितली आणि अनोळखी तिघींबरोबर टॅक्सी केली. सोमवारीही गाड्या रेंगाळतच होत्या. नुकत्याच सरकवलेल्या रुळावरून सुरुवातीला गाडी दमानेच काढतात, हे रोज प्रवास करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

शुक्रवार, शनिवार, सोमवार. तीन लेट मार्क.

आमच्याकडे हजेरीचा महिना २६ तारखेपासून २५ तारखेपर्यंत धरतात, त्यामुळे ३१ मे आणि १ व ३ जून हे एकाच महिन्यात आले. नियम असा की तीन लेट मार्क झाले की एक सीएल कट. यात माणूस कुणी बसलेला नसतो, सिस्टिम आपोआप कापते. मला कळलं ते जूनची पगाराची स्लिप आली तेव्हा. रेल्वेने तर आधीच आवाहन केलं होतं की गरज नसेल तर प्रवास टाळा, आणि आस्थापनांनी घरून काम द्यावं किंवा दुसरी काही सोय करावी. आमच्या ऑफिसने सोय केली नाहीच. वर शनिवारी घामाघूम होऊन, टॅक्सीचे पैसे भरून जे आले त्यांना लेट मार्क, आणि जे आलेच नाहीत त्यांच्यातल्या काहींची ‘घरून काम’ अशी नोंद. माझं डोकं फिरलं ते या दुसऱ्या गोष्टीने. एका सीएलसाठी एवढं कशाला, असं घरात ऐकून घेतलं. पण प्रश्न एका सीएलचा नव्हता.

पोर्टलवर ‘रेग्युलरायझेशन’ नावाचा फॉर्म असतो. तो उघडला तर मुदत संपलेली. लेट मार्क पडल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा, आणि लेट मार्क पडलाय हे दिसणार पगाराची स्लिप आल्यावर! मग तिकीट टाका म्हणाले. तिकीट म्हणजे तक्रार. आयुष्यभर तिकीट म्हटलं की रेल्वेचंच डोळ्यांपुढे येणाऱ्या माझ्यासारखीला हे नवंच. असो. तिकीट टाकलं. त्यातही कारण ‘निवडायचं’ होतं, लिहायचं नव्हतं. पर्याय असे : बाहेरचं काम, क्लायंट व्हिजिट, बायोमेट्रिक यंत्र बंद, नैसर्गिक आपत्ती, इतर. मी ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ निवडलं की एक चौकट उघडते, तिच्यात शंभर अक्षरं मावतात. ‘ठाणे व सीएसएमटी येथील मेगाब्लॉकमुळे उशीर’ असं इंग्रजीत लिहिलं. दोन दिवसांनी मेल आला : पुरावा जोडा.

पुरावा? मुंबईतल्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर होतं. पण आमचं एचआर बसतं दुसऱ्या शहरात, जिथे लोकल नाही. फोनवरची मुलगी गोड होती, पण तिला पटेचना की ठरवून, आधी जाहीर करून कुणी गाड्या बंद करतं. ‘‘मॅम, आधी माहीत होतं तर तुम्ही लवकर का नाही निघालात?’’ या प्रश्नाला उत्तर आहे. रागाच्या भरात ते त्या वेळी सुचत नाही एवढंच. लवकर निघालेलीही त्याच गाडीत अडकते, कारण तिच्या पुढची गाडी रद्द असते.

मी माझा तिमाही पास स्कॅन करून पाठवला. परत आला. पासवरून तुम्ही डोंबिवलीला राहता एवढंच सिद्ध होतं, गाडी उशिरा होती हे होत नाही. हे तसं बरोबर आहे, मान्य. पेपरचं कात्रण पाठवलं. मराठी पेपर होता, भाषांतर मागितलं. इंग्रजी पेपरचं पाठवलं. ‘अधिकृत’ हवं. मग एका स्टेशनात कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन विचारलं की उशिराचा काही दाखला मिळतो का. आतल्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ताई, नऊशे तीस गाड्या रद्द होत्या. किती दाखले लिहू?’’ मला हसू आलं. त्यांनीच मग सांगितलं की मध्य रेल्वेने काढलेलं प्रसिद्धीपत्रक आणि त्यांच्या अधिकृत खात्यावरची पोस्ट छापून न्या, त्याहून जास्त अधिकृत काय असणार. ९३० आणि त्याचे तीन तुकडे मला पाठ झाले ते त्या कागदावरून.

वाटलं, सुटले. तर पोर्टलवर नवा रकाना आला : ‘गाडी क्रमांक’. आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. आता लोकलने जाणाऱ्या कुठल्या माणसाला गाडीचा क्रमांक माहीत असतो? आपल्याला माहीत असते ‘आठ एकोणीसची डोंबिवली’, फार तर तिचा लेडीज डबा फलाटावरच्या कुठल्या खांबासमोर येतो ते. लोकललाही मेल-एक्स्प्रेससारखा पाच आकडी क्रमांक असतो, नऊपासून सुरू होणारा, पण तो उच्चारताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. शेवटी आमच्या डब्यातल्या ग्रुपमधल्या एका काकूंचे यजमान कामी आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांनी वेळापत्रकातून तिन्ही दिवसांच्या गाड्यांचे क्रमांक काढून चिठ्ठीवर लिहून दिले, निळ्या पेनने, खाली रेघ मारून. शनिवारच्या क्रमांकापुढे त्यांनी कंसात ‘रद्द’ असं लिहिलं होतं. म्हणजे जी गाडी धावलीच नाही तिचा क्रमांक मी उशिराचं कारण म्हणून भरला. सिस्टिमने तो हूं की चूं न करता स्वीकारला.

स्वीकारला, आणि तिकीट बंद करून टाकलं. स्थिती : ‘निराकरण झाले’. सीएल जागच्या जागी कापलेलीच. उघडायला गेलं तर बंद तिकीट उघडत नाही, नवं टाका. नव्यात पुन्हा पुरावा जोडा. या टप्प्यावर ऑफिसातल्या, माझ्यासारखंच तिकीट टाकलेल्या दोघींनी नाद सोडला. मी नाही सोडला. एव्हाना ऑगस्ट लागला होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि गाड्या रोजच उशिरा येत होत्या. त्या उशिरांना मात्र पोर्टलवर आपोआप सूट मिळत होती, कारण पाऊस ‘नैसर्गिक आपत्ती’त बसतो.

गाडी सुटली ती इथून. आमचे विभागप्रमुख कल्याणहून येतात. मी सगळ्या कागदांची एकच पीडीएफ करून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ‘‘सर, त्या शनिवारी तुम्ही किती वाजता पोचलात?’’ ते क्षणभर गप्प बसले. त्यांना हजेरी नसते, पण भायखळ्याची बसची रांग तर होतीच. त्यांनी माझ्यासमोरच एचआरला दोन ओळींचा मेल टाकला आणि मला म्हणाले, नवं तिकीट टाकताना ‘इतर’ निवडू नका, ‘नैसर्गिक आपत्ती’ निवडा. मी म्हटलं, अहो, फलाट रुंद करणं ही नैसर्गिक आपत्ती कशी? म्हणाले, ‘‘तुम्हाला सीएल हवीय की वाद?’’

चौथ्या दिवशी सीएल परत. ठाण्याचा पाच नंबरचा फलाट आमच्या कंपनीच्या दफ्तरी आता भूकंप-पुराच्या यादीत आहे.

हे सगळं सोसल्यावर जे शहाणपण आलं ते जसं आठवेल तसं सांगते. ब्लॉक जाहीर झाला त्याच दिवशी साहेबांना मेल टाकायचा : अमुक ते अमुक ब्लॉक आहे, इतक्या गाड्या रद्द आहेत, मला उशीर होऊ शकतो. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. उत्तर आलं नाही तरी चालेल, मेल तर राहतो. गाडीत अडकलात की लगेच एम-इंडिकेटरचा (लोकलच्या वेळा दाखवणारं मोबाईल अ‍ॅप) स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असा. टॅक्सी केलीत तर पैसे जीपेने द्या, रोख नको. माझ्याकडे शनिवारचा तेवढा एकच घट्ट पुरावा होता. पास घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा, पर्समध्ये घडी पडून तो वाचेनासा होतो.

ब्लॉक दोन-तीन दिवसांचा असेल तर हे चालतं. काम कायमचं बदल करणारं असेल तर उशिराची सूट मागत बसू नका, वेळच बदलून घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात दादरचा फलाट रुंद करायचा म्हणून दादरहून सुटणाऱ्या लोकल परळहून सोडायला लागले, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकीची रिकामी मिळणारी गाडी गेली. दादरला यायच्या आतच ती भरलेली असायची. तिने सरळ अर्ज देऊन ऑफिसातून निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, सकाळी अर्धा तास लवकर येते. मंजूर झाला. त्याच डिसेंबरात दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलून आठपासून सुरू झाले, तेव्हा चुकीच्या जिन्यावर जाऊन गाडी चुकलेल्या बायका मी बघितल्यात. स्टेशनात काम चालू असताना पहिला आठवडा दहा मिनिटं आधी निघा, घोषणा ऐका आणि घोषणेपेक्षा जास्त फलाटावरचा इंडिकेटर बघा.

अजून एक. रविवारचा नेहमीचा मेगाब्लॉक आणि हा असला मोठा ब्लॉक यात एचआरला फरक कळत नाही. त्यांना ‘स्पेशल ब्लॉक’ असा शब्द लिहून द्या, नाहीतर ‘मेगाब्लॉक तर दर रविवारी असतो ना?’ असं ऐकावं लागतं.

आणि पगाराची स्लिप येईपर्यंत थांबू नका. पोर्टलवर डावीकडे तळाशी बारीक अक्षरात ‘अटेंडन्स समरी’ असते, तिच्यात लेट मार्क दुसऱ्या दिवशीच दिसतो. हे मला विभागप्रमुखांच्या शिपायाने सांगितलं, एचआरने नव्हे.

पीडीएफ दोन एमबीच्या आतली हवी, नाहीतर ती चढतच नाही आणि चढली नाही हे पोर्टल सांगतही नाही.