वाकडं काढायला एवढा वेळ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बडोद्यात अक्षरं काढून फॉन्ट करते. बालवाडीची पाटी असो की पहिल्या वाढदिवसाची पत्रिका, येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "लहान मुलाच्या अक्षरासारखा मराठी फॉन्ट करायला एवढा वेळ कशाला? एखाद्या पोराकडून बाराखडी लिहून घ्या, स्कॅन करा, झालं की!"

बाराखडी लिहून घेतेच मी. पण घोळ तिथूनच सुरू होतो.

मुलांचं अक्षर म्हणजे वेडंवाकडं, अशी मोठ्यांची ठाम समजूत. म्हणून बाजारातल्या अशा फॉन्टांत अक्षरं डुलतात, एखादं मुद्दाम पडलेलं असतं. कॉमिक सान्स या नावाजलेल्या आणि तितक्याच बदनाम इंग्रजी फॉन्टलाही लोक बालिश म्हणतात. तो 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी काढला तो कॉमिक्समधल्या संवादांची अक्षरं बघून. मुलांच्या वह्यांशी त्याचा काही संबंध नाही. पहिलीतलं मूल लिहिताना अजिबात डुलत नाही. पेन्सिल इतकी दाबतं की पान उलटलं तर मागून बोटाला अक्षर लागतं. त्याला सरळच लिहायचं असतं. आपण नक्कल करतो निष्काळजीपणाची, आणि त्या पानावर तर नुसती काळजी असते.

फॉन्टची खरी अडचण वेगळीच आहे. त्यात एक अक्षर एकदाच काढलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा उमटतं. मुलाचं कोणतंच अक्षर दुसऱ्यांदा तसं येत नाही. आता मराठी मूल आधी काय लिहितं? बाबा, काका, मामा, दादा! 'बाबा' टाइप करा, दोन्ही ब हुबेहूब सारखे, पोटातली तिरकी रेघही त्याच जागी बाहेर आलेली. सोंग तिथेच उघडं पडतं. म्हणून एकेका अक्षराची तीन-चार रूपं काढायची आणि फॉन्टमध्ये नियम लिहायचा, की मागे हेच अक्षर येऊन गेलं असेल तर दुसरं रूप घे. मराठीत मधे काना असतो, वेलांटी असते, नियमाला ती ओलांडून मागे बघायला शिकवावं लागतं. जोडाक्षरं धरून देवनागरी फॉन्टची चित्रं आधीच काहीशेच्या घरात जातात, त्यांची आता तिप्पट-चौपट करा. हॉलंडच्या दोघांनी, युस्ट फान रोसम आणि एरिक फान ब्लॉकलंड यांनी, 1990 च्या सुमारास बेओवोल्फ नावाचा फॉन्ट केला होता, त्याच्या कडा छापताना दर वेळी आपोआप बदलायच्या. मुलांच्या अक्षराशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण कल्पना मला फार आवडते.

उलटा ६ घाला, असाही आग्रह होतो. मूल एका ओळीत ६ उलटा काढतं आणि पुढच्या ओळीत बरोबर. फॉन्टमध्ये उलटा घातला की तो कायमचा उलटा. खाऊच्या स्टॉलवर ६० चे ३० झाले तर भांडायला माझ्याकडे येऊ नका.

आणि शिरोरेघ. छापील देवनागरीत प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेला त्याच उंचीवर, त्याच जाडीत भिडावी लागते, नाहीतर शब्दाला पायऱ्या पडतात. त्यामुळे थरथर काय दाखवायची ती रेघेच्या मधल्या भागात. टोकं शिस्तीतच. मुलांना अशी सक्ती नसते. त्यातून आपल्याकडची बरीच मराठी मुलं गुजराती माध्यमातली. गुजराती लिपीला डोक्यावर रेघच नाही, त्यामुळे ती आधी सगळा शब्द बोडका लिहितात आणि मग आठवलं की वर पट्टीने एक रेघ ओढतात, ती कधीकधी पुढच्या शब्दावरही जाते. एका छोकरीने तर वहीची छापील निळी ओळच शिरोरेघ म्हणून वापरली होती, सगळी अक्षरं तिला लोंबकळत होती. कॉम्प्युटरवर निळा रंग काढला आणि पानभर डोकी गायब! "मग रेघ काढून हाच गुजरातीत चालवा ना," असंही सुचवलं जातं. ग, म, न, प, स चालतील. क, च, ज, फ, ब यांचं काय करणार? तो दुसरा फॉन्ट, आणि त्याचे पैसे वेगळे.

तेव्हा पत्रिकेवर चारच ओळी असतील तर मी सरळ सांगते, फॉन्टच्या भानगडीत पडू नका. मुलाकडूनच लिहून घ्या, साध्या कागदावर, जाड पेन्सिलने, फोटो पाठवा. मी जसंच्या तसं छापते, स्वस्तही पडतं. परवा एक वहिनी असा कागद घेऊन आल्या. सगळं एका मापात, ऱ्हस्व-दीर्घ चोख, रेघ पट्टीने मारलेली. मुलाला बसवून पुन्हा पुन्हा लिहायला लावलं होतं, खोडरबराच्या खुणाही नीट पुसल्या होत्या.

"छान आलंय ना?" त्या म्हणाल्या. "आता एवढं जरा लहान मुलासारखं करून द्या."