कोण आठवण काढतंय एवढी?

उचकी लागली की आपल्याकडे पाणी नंतर देतात, आधी नावं घ्यायला लावतात. मग मावशी झाली, नाशिकची आत्या झाली, कॉलेजातली मैत्रीण झाली, ज्या नावाला उचकी थांबेल तो आरोपी. आमची आजी त्यातही पार्शालिटी करायची, माहेरच्या नावाला थांबली तर "आठवण काढत असेल गं बिचारी" आणि सासरच्या नावाला थांबली तर "शिव्या घालत असतील, दुसरं काय". मला हा उपाय जाम आवडतो, उचकी थांबो न थांबो, नातेवाइकांची उजळणी तरी होते. आणि नंतर फोन करून विचारा, आठवण काढली नाही असं म्हणणारं माणूस अजून भेटलं नाहीये मला.

खरं कारण अगदीच रुक्ष आहे हो. छाती आणि पोटाच्या मधे श्वासपटल असतं, स्नायूचा पडदा, तो उगाच झटका मारतो, हवा आत खेचली जाते आणि लगेच घशातलं स्वरयंत्राचं दार बंद होतं, तोच तो 'हिक्'. भराभर जेवलं, पोट तट्ट फुगलं, की हे व्हायला निमित्त मिळतं. म्हणजे झणझणीत मिसळ हाणायची, वर गार सोडा ढोसायचा आणि आळ कोणावर तर आत्यावर!

तान्ह्या बाळांना तर सारखीच लागते, पोटात असतानाही लागते म्हणे. मग गोधडीचा धागा काढून, ओला करून टाळूवर चिकटवायचा. बाळाला त्याचा काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही, नवीन आई मात्र तेवढ्यात शांत होते.

बाकी श्वास रोखणं, नाक दाबून पाणी पिणं वगैरे आहेच, त्यात तथ्यही आहे, श्वासाची लय मोडली की श्वासपटल कधीकधी ताळ्यावर येतं. पण अमेरिकेतल्या आयोवाच्या चार्ल्स ऑसबॉर्नला 1922 मधे लागलेली उचकी 1990 ला थांबली! त्याला आपल्यासारखं नावं घ्यायला बसवलं असतं तर अख्खी मतदारयादी संपली असती. ते सोडा, पण दोन दिवसांच्या वर उचकी टिकली तर घरगुती डॉक्टरकी बंद करून खऱ्या डॉक्टरकडे जावं, मागे दुसरंच काही दुखणं असू शकतं.

लहान मुलांसाठी आमच्याकडे खास उपाय होता. उचकी लागलेल्या पोराकडे डोळे वटारून बघायचं, "डब्यातली साखर चोरून खाल्लीस ना रे?" पोरगं असं उसळायचं, शपथा घ्यायचं, रडकुंडीला यायचं की त्या नादात उचकी गायब. नाहीच गेली तर मग चमचाभर कोरडी साखर तोंडात टाकायची. 1971 साली डॉक्टरांनी हाच साखरेचा उपाय 20 जणांवर करून बघितला होता आणि 19 जणांची उचकी थांबली. त्यामुळे पुढे पुढे आम्ही पोरं उचकी नसतानाही हिक् हिक् करत स्वयंपाकघरात जायचो.